थोरल्या कुरणाचा ईशान्य कोपरा

हर्नडनहून निघताना अविनाश मला म्हणाले, "ताई, आज तुम्हाला इतिहास घडताना बघायला मिळणार आहे." मी नागपूरच्या कॉलेजात आयुष्यभर भूगोल शिकवला. इतिहास बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीवर घडतो, एवढं त्या नोकरीत शिकले होते. पण मांडीवर कांदेपोह्यांचा मोठा ट्रे होता आणि तो सांभाळायचा होता, म्हणून नुसती मान डोलावली.

अमेरिकेत हर्नडनला माझी भाची मृणाल राहते. तिच्याकडे मी काही महिने आले होते. ती तिथल्या मराठी मंडळाची चिटणीस, आणि अविनाश अध्यक्ष. मूळचे पुण्याचे, अमेरिकेत आयुष्य गेलेले. समोर एकच माणूस असला तरी सभागृहातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतात. मंडळाला स्वतःची वास्तू हवी होती. हर्नडनच्या आसपास जमिनीला हात लावायची सोय नाही, म्हणून उत्तरेला पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत एक बंद पडलेलं चर्च विकाऊ आहे असं कळल्यावर मंडळी ते बघायला निघाली होती. वीकेंडला मुलांना घेऊन जायचं, शिबिरं घ्यायची, गणपती बसवायचा. चार गाड्या होत्या. पुढच्या गाडीला भगवा झेंडा होता, तो मेरीलँडची हद्द लागेपर्यंत वाऱ्याने फाटला.

पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या भागात डोंगर एकामागे एक आडवे पडलेले आहेत. सतरंजी सरकवली की तिला वळ्या पडतात तसे. दोन वळ्यांच्या मध्ये एक दरी, दरीत एक ओढा, एक रस्ता, पाचपन्नास घरं. पलीकडच्या दरीत जायचं तर ओढ्याने जिथे डोंगर कापला असेल तिथूनच जायचं. असा भूगोल असला की माणसं आपापल्या दरीत राहतात आणि शेजारच्या दरीविषयी वाईट बोलतात. आमच्या गाडीच्या नकाशाने दुसऱ्या वळीनंतर मान टाकली आणि आम्ही एका शिकारी क्लबाच्या फाटकाशी जाऊन थांबलो. तिथून मागे फिरून एका पेट्रोल पंपावर विचारलं. नारिंगी टोपी घातलेला एक माणूस ट्रकमध्ये पेट्रोल भरत होता.

"रस्ता चुकलात?"

"चर्च शोधतोय. विकत घ्यायचंय," अविनाश म्हणाले.

त्याने चारही गाड्यांकडे पाहिलं. "आख्खं?"

"आख्खं."

"बरं आहे. आम्हाला ते भरता आलं नाही," तो म्हणाला, आणि हाताने डावीकडची दरी दाखवली.

त्या दरीचं नाव क्लूनमोर. हे आयरिश भाषेतलं (थोरलं कुरण). प्रत्यक्षात तिथे कुरण नाही आणि थोरलंही काही नाही. दरी इतकी अरुंद की ऊन उशिरा येतं आणि दुपार कलायच्या आधी निघून जातं. आयर्लंडच्या पश्चिमेकडून जे लोक इथे आले त्यांनी मागे सोडलेल्या गावाचं नाव या खोबणीला देऊन टाकलं. मागच्या टेकडीला ते नॉक म्हणतात, त्याचा अर्थ टेकडी. म्हणजे टेकडीचं नाव टेकडी. भुकेल्या माणसाला नावं ठेवायला फार सवड नसते.

ते इथे आले ते लोखंडाच्या भट्टीवर आणि रेल्वेच्या खोदकामावर. भट्टीला लाकडाचा कोळसा लागे, म्हणून सगळे डोंगर त्यांनी बोडके केले. मग भट्टी विझली, रूळही उचलून नेले, तरुण मंडळी शहरांत गेली. आज तिथे इतकं घनदाट जंगल आहे की अमेरिकन माणूस गाडी थांबवून निसर्गाचे फोटो काढतो. ते जंगल तिथली माणसं निघून गेल्यामुळे आलेलं आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

चर्च मात्र देखणं होतं. डोंगरातल्याच करड्या वालुकाश्माचं, सरळ भिंतींचं, नाटकी काही नसलेलं. दारावर भट्टीच्या मालकाच्या नावाची संगमरवरी पाटी होती, माणसाच्या उंचीएवढी. ज्यांनी रविवारी येऊन दगड रचले त्यांची नावं कुठेच नव्हती. अविनाशनी त्या पाटीची मापं घेऊन फोटो काढले. "साईज चांगली आहे," ते मृणालला म्हणाले.

किल्ली घेऊन आली होती ती पेग. हे पॅरिश (एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा गावांचा पट्टा) आता शेजारच्या चार पॅरिशांत मिसळून टाकलं आहे आणि धर्मगुरू महिन्यातून कधीतरी येतात, म्हणून किल्ली समोरच्या घरात राहणाऱ्या पेगकडे. ऐंशीच्या पुढची, उंच, वाळकी बाई. अंगावर पुरुषी नारिंगी जाकीट.

"शिकारीचे दिवस आहेत," ती मला म्हणाली. "नारिंगी नसलं तर हरीण समजून गोळी घालतात. या वयात कुणी हरीण समजलं तर मला आनंदच होईल, पण उगाच कशाला."

मंडळी आत बाहेर फिरली. प्रोजेक्टर कुठे, स्वयंपाकघर कुठे, महाद्वार कुठे. महाद्वार म्हणजे समोरच्या हिरवळीवर किल्ल्याच्या दरवाजाची फायबरची प्रतिकृती. ती आधीच ठरलेली होती, इमारत नंतर ठरत होती. मागे दफनभूमी होती. तिला लोखंडी कुंपण, आणि ती बिशपकडेच राहणार होती. कुंपणाच्या बाहेर, उत्तर आणि पूर्वेच्या कोपऱ्यात, जमिनीचा एक सपाट तुकडा होता. गवतातून नारळाएवढे दगड डोकावत होते, काही ओळीत, काही नाही.

"हा कोपरा?" अविनाशनी विचारलं.

वारा होता. पेग मागे राहिली होती. तिने तिथूनच हात केला. "दॅट्स द किलीन."

"क्लीन. ग्रेट," अविनाश म्हणाले. "मृणाल, हा कोपरा क्लीन आहे. इथे ग्रेव्हज नाहीत."

"मग पार्किंग इथेच बसतं," मृणाल म्हणाली, आणि दोघं पावलं टाकून मोजू लागले.

आमच्याकडे खेड्यात क्लीनला किलीनच म्हणतात. जोडाक्षर फोडून, मध्ये इकार घालून. त्यामुळे एका म्हाताऱ्या अमेरिकन गावकरीण बाईने तसं म्हटलं यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. मला फक्त त्या दगडांची मांडणी खटकत होती. निसर्ग लहान दगड एवढ्या सारख्या अंतरावर ठेवत नाही.

मोजमापं चालली होती तेव्हा पेगने मला घरी बोलावलं. तिने कॉलकॅनन (कुस्करलेला बटाटा आणि कोबी, मध्ये लोण्याचं तळं) वाढलं. चव होती ती लोण्याचीच. मी मीठ मागितलं, मिरपूड मागितली, आणि तिने न मागता मोहरीच्या सॉसची बाटलीही समोर ठेवली.

"तुमच्या लोकांना पोरं खूप दिसतात," ती म्हणाली.

"आहेत. इंग्रजीच बोलतात सगळी."

"आमचीही." ती हसली. "चर्चला दुसरं गिऱ्हाईक आहे ते बिअर करणारं. फादरनी मला विचारलं, पेग, तुला काय वाटतं. मी म्हटलं, ज्यांच्याकडे पोरं आहेत त्यांना द्या. मागे सोबत होईल."

"मागे म्हणजे?"

"किलीनमध्ये. तुमच्या प्रेसिडेंटना सांगितलं की मी."

मी तिला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग अर्थ विचारला. आयरिश शब्द आहे, ती म्हणाली, लहानसं चर्च असा काहीतरी. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच जी मुलं गेली त्यांना पवित्र जमिनीत पुरायचं नाही असा नियम होता. ती स्वर्गात जात नाहीत, नरकातही नाहीत, त्यांची सोय कुठेच केलेली नव्हती. म्हणून उत्तरेच्या बाजूला, कुंपणाच्या बाहेर. आयर्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशला एक असे, इथे येताना बटाट्याबरोबर तेही घेऊन आले.

"नंतर चर्चने मत बदललं," पेग म्हणाली. "अशी मधली जागा काही नसते, मुलं देवाकडेच जातात, असं सांगितलं. मत बदललं, कुंपण काही हलवलं नाही."

तिनेच सांगितलं, भांडी आवरता आवरता.

"माझा पहिला तिथे आहे. रडलाच नाही तो. मी अंथरुणावर होते. माझ्या नवऱ्याने, फ्रँकने नेला. कुठला दगड, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुष्कळ वर्षांनी विचारलं तर म्हणाला, पेग, सगळे सारखेच दिसतात. आता फ्रँक कुंपणाच्या आत आहे. माझी जागा त्याच्या शेजारी." तिने हात पुसले. "तिथे काही करू नका. दगड लावू नका, फुलं लावू नका, गवत कापलं नाही तरी चालेल. फक्त आहे तसं राहू दे."

"हे तुम्ही त्यांना स्पष्ट सांगायला हवं होतं."

"डिअर, एवढ्या अनोळखी माणसांसमोर मला एक शब्द बोलता आला. तो मी बोलले."

परतताना गाडीत मी अविनाशना सगळं सांगितलं. त्यांनी गाडीतली गाणी बंद करून ऐकून घेतलं, म्हणून मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "बोर्डापुढे ठेवू."

बोर्डाची सभा त्यांच्याच बेसमेंटमध्ये, रविवारी जेवणानंतर झाली. महाद्वाराचे बुरूज किती उंच असावेत यावर आधी पुष्कळ वेळ गेला. एका बाईंना तोफ हवी होती. मग माझा विषय आला. मी काय कळलं ते सांगितलं, आणि म्हटलं, "आपल्याकडेही तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. तुम्हाला हे परकं वाटायचं कारण नाही."

नागपूरचाच एक तरुण होता. तो अगदी सौजन्याने म्हणाला, "काकू, पुरतात, पण तिथे कोण खूण ठेवतो? माझ्या आजोळी ती जागा आता प्लॉटांच्या लेआउटमध्ये गेली. कोणी काही म्हटलं नाही."

मी टेबलावरचा आवाराचा नकाशा पुढे ओढला.

"पार्किंग समोर हिरवळीवर करता येईल," मी म्हटलं.

"समोर महाद्वार आहे, ताई."

"ते अजून नाही."

"ॲप्रूव्ह झालंय." अविनाश माझ्याकडे वळले. "हे बघा, आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटतंय. पण कायद्याने ती दफनभूमी नाही. चर्चने कधी मानलीच नाही. आणि ती बाई स्वतः आमच्यासमोर क्लीन म्हणाली. दहा माणसांनी ऐकलंय."

"तुम्हाला आता माहीत आहे ती काय म्हणाली."

"मला तुम्ही काय म्हणालात ते माहीत आहे."

माझ्या माहितीतला हा एकमेव माणूस, ज्याला ऐकण्यातली चूक दुरुस्त झाल्यावर ती जास्त उपयोगी पडली. त्यांनी मग मार्ग काढला. एक छानसा फलक लावायचा, इथल्या आयरिश बांधवांना वंदन वगैरे. मी विचारलं, कुठे. म्हणाले, महाद्वारावर. शिवाय त्या आजींच्या मुलाचा दगड सन्मानाने हलवता येईल. कुठला ते तिलाच माहीत नाही, हे मी नुकतंच सांगितलं होतं. हात वर झाले. मृणालने माझ्याकडे न बघता केला.

घरी जाताना ती म्हणाली, "मावशी, प्लीज. इतकी वर्षं भाड्याच्या शाळांमध्ये गणपती केलेत आम्ही. डेकोरेशन काढून दे, केळीची पानं उचल, कार्पेटवर कुंकू सांडलं म्हणून सॉरी म्हण. तू परत जाशील, आम्हाला इथे राहायचंय यार."

तिचं खोटं नव्हतं, आणि मला राग येत होता तोही त्यामुळेच. राहायला जागा मिळाली नाही याची जिला एवढी कळ होती, तिनेच हात वर केला होता.

झाडं पुरती बोडकी व्हायच्या आत व्यवहार झाला आणि भूमिपूजन ठरलं. गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतात. त्यांनी सांगितलं की पूजा ईशान्येला हवी. ईशान्य म्हणजे तोच कोपरा. शिवाय वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्य मोकळी ठेवावी, तेव्हा पार्किंग शास्त्रोक्तच ठरलं. दगड आधीच वेचून एका कडेला ढीग करून ठेवले होते, कारण खुर्च्या डगमगत होत्या. गवत कापलेलं होतं. झेंडूच्या माळा होत्या, ढोल होता, लेझीम होती, आणि स्थानिक पाहुणी म्हणून पेग पहिल्या रांगेत होती. तिला बोलवायचा फोन मीच करावा असं ठरलं होतं, मी केला नाही. मृणालने केला. फोनवर सांगितलं काय, तर छोटासा ब्लेसिंगचा कार्यक्रम आहे.

अविनाशचं भाषण झालं. आयरिश आणि मराठी माणूस कसा एकाच मातीचा, असं काही. मग पेगला शाल आणि श्रीफळ देऊन तिचा सत्कार झाला. नारळ हातात आल्यावर तिने तो कानाशी नेऊन हलवला, मुलं हसली, तीही हसली. गुरुजींनी मंत्र सुरू केले. हळद, कुंकू, तांदूळ, फुलं, पाणी त्या जमिनीवर वाहिलं गेलं. माणसं अनवाणी वाकून नमस्कार करत होती. मी पेगकडे पाहिलं. ती उभी राहिली होती आणि तिचे ओठ हलत होते.

संपल्यावर ती माझ्याजवळ आली. डोळे ओले होते. "या कोपऱ्यात आजवर एकही धर्मगुरू आला नव्हता. फ्रँकने फावडं घेतलं तेव्हाही नाही. तुमचे आले." तिने माझा हात धरला. "त्यांनी मुलांसाठी काय म्हटलं?"

मागे पत्रावळीतून मसालेभात वाढणं सुरू झालं होतं. मला खोटं बोलता आलं असतं. संस्कृत तिला येत नव्हतं, आणि तिथे जमलेल्यांपैकी बहुतेकांनाही नाही.

"मुलांसाठी काही म्हटलं नाही," मी म्हटलं. "जमिनीची परवानगी मागितली. आम्ही तुला खणणार आहोत, राग मानू नकोस, अशी."

पेगने कुंकवाकडे पाहिलं. मग कडेच्या ढिगाकडे. तो तिने तेव्हाच पहिल्यांदा पाहिला असावा. नंतर खडीच्या ट्रकसाठी जमिनीत ठोकलेल्या गुलाबी फितीच्या खुंट्यांकडे.

"आणि तिने दिली?"

"विचारायची पद्धत आहे. उत्तराची वाट बघत नाहीत."

तिने माझा हात सोडला. रागाने नाही, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा. शाल काढून घडी केली, खुर्चीवर ठेवली, नारळ वर ठेवला आणि त्या ढिगाशी गेली. वाकायला तिला वेळ लागला. एक दगड उचलला, हातात फिरवून पाहिला, ठेवला. दुसरा उचलला. सगळे सारखेच दिसत होते. अविनाश दुरून म्हणाले, "ताई, त्यांना जेवायला बोलवा ना." मी गेले नाही. थोड्या वेळाने ती रिकाम्या हाताने रस्ता ओलांडून घरी गेली. मसालेभात चांगला झाला होता असं सगळे म्हणाले.

त्यानंतर लवकरच मी नागपूरला परतले. लोकांनी अमेरिका कशी वाटली विचारलं की मी डोंगरांविषयी सांगते. पेनसिल्व्हेनियाच्या वळ्या, भट्ट्या, तोडलेली आणि परत आलेली झाडं. सांगायला सोपं आहे. परक्या देशात गेलेली माणसं मागच्या गावाची नावं पुढच्या गावाला देतात, हेही सांगते, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. त्या माणसांनी जागा कशी मिळवली आणि आधीच्यांना कुठे ढकललं, इथपर्यंत आले की चहा येतो.

मृणालचे निरोप येत असतात. खडी पडली, पांढरे पट्टे मारले. महाद्वार बोटीने आलं, त्याचा एक बुरूज चेपला होता. मग एकदा तिने लिहिलं की ती आजी रोज गाडी घेऊन येते. समोरच राहते, चालत येता येईल, तरी गाडी घेऊन येते, त्या कोपऱ्यात लावते आणि आतच बसून राहते. काही करत नाही. कार्यक्रम असला तरी हलत नाही. "बोर्ड अपसेट आहे. पार्किंगमध्ये पार्किंग करू नका असं तरी कसं सांगणार," असं तिने लिहिलं होतं, आणि पुढे हसणारा चेहरा टाकला होता. मला तो आवडला नाही, पण पेगची युक्ती आवडली. त्या जमिनीवर आता फक्त उभ्या गाडीला हक्क होता. तो तिने घेतला.

परवा मृणालकडून एक फोटो आला. नवी पाटी होती, भगव्यावर पांढरी अक्षरं, वर मराठी, खाली इंग्रजी. 'सभासदांव्यतिरिक्त इतरांनी येथे वाहने उभी करू नयेत.' खाली मृणालने विचारलं होतं, "मावशी, शुद्धलेखन बघून सांगतेस? उद्या लावायचीय."

मी चष्मा लावून दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं.